स्क्रिप्ट पूर्ण झाली, आता मुंबईला पाठवायची कशी?

इंदूरला सानंद या नाट्यसंस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात कोणी ना कोणी नवं पोरगं गाठतंच. "काका, सिनेमाची स्क्रिप्ट तयार आहे, पण पाठवली आणि ढापली तर?" या धास्तीपायी स्क्रिप्ट वर्षानुवर्षं लॅपटॉपमध्ये पडून राहते. माझं म्हणणं एवढंच, की पाठवा, पण कोणाला, कधी, कितवा ड्राफ्ट दिला याची लेखी खूण ठेवून पाठवा.

1957 च्या कायद्याप्रमाणे लिहिलं की कॉपीराइट तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण लागलं की तारीख दाखवावी लागते. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडायला नको. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसची नोंद जास्त वजनदार, कारण कोर्ट ती प्रथमदर्शनी पुरावा मानतं. फक्त हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. मी दोन्ही करतो. शेवट बदलला की नवा ड्राफ्ट पुन्हा नोंदवतो.

खरी गोम पुढे आहे. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. नाटककार आर. जी. आनंद आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1978 मध्ये हरले. विषय कोणालाही घेता येतो, मांडणी तेवढी लेखकाची, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे "वाड्याच्या वाटणीवरून तीन भाऊ भांडतात" हे कोणीही घ्यावं. पण थोरला खडूने जिन्याच्या पायऱ्यांवर नावं घालतो, मधल्याला वर जायला पायरीच उरत नाही, आणि त्या रात्री आई वरच्या मजल्यावर आजारी पडते, हे सगळं याच क्रमाने दुसऱ्याच्या सिनेमात दिसलं तर बोलायला जागा आहे. तेव्हा छप्पन दुकानवर चहासोबत वन-लाइन, म्हणजे एका ओळीतली कथाकल्पना, वाटण्याआधी प्रसंगवार लिहून काढा.

नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला कथा तोंडी ऐकवणं, झालं की त्याच संध्याकाळी त्याला मेल टाका: "आज आपण 'वाटणी'चं संपूर्ण नॅरेशन ऐकलंत, आभारी आहे. तिसरा ड्राफ्ट सोबत जोडला आहे, फक्त आपल्या विचारार्थ." उत्तर नाही आलं तरी चालेल. व्हॉट्सॲपवर फाइल ढकलण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

काही ठिकाणी वाचायच्या आधीच रिलीज फॉर्म पुढे करतात. "मिळतीजुळती कथा आमच्याकडे असू शकते, त्यावर दावा करणार नाही" असं त्यात असतं. सही करण्याआधी वकिलाला दाखवा; तिथे लाजण्यासारखं काही नाही. हक्क विकताना करार लेखीच हवा आणि मुदत लिहून घ्या. मुदतच लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो.

तरीही चोरी झालीच, तर आधी असोसिएशनच्या तंटा समितीकडे तक्रार करता येते. कोर्टात जायचं ठरलं तर दर तारखेला मुंबई गाठलीच पाहिजे असंही नाही: लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावायची सोय या कायद्यात आहे.