बीबी घेण्याआधी व्हर्नियर हातात घ्या

इंदूरच्या कुठल्याही सायकल दुकानात क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हातात धरून विचारा, ‘माझ्या सायकलला बसेल का?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘बैठ जाएगा, भिया.’ हातोडीने ठोकून तो बसतोही. मग थोड्याच दिवसांत सिमरोलच्या घाटात प्रत्येक पायडलमागे कट्, कट् सुरू होतं आणि मंडळी रामबागेत आमच्या अंगणात सायकल उलटी करून उभी राहतात. ‘काका, बघा ना जरा.’ माझी सगळी नोकरी पिथमपुरात लेथवर गेली. तिथे ‘बसेल बहुतेक’ म्हणणाऱ्याचा माल परत यायचा. म्हणून मी आधी आकडा विचारतो, कंपनीचं नाव नंतर.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस (एक्सल) ज्यात फिरतो ती बेअरिंगची जोडी; दोन्हीकडच्या मंडळींना सांभाळणारा मध्यस्थ. बाहेरून तिला फ्रेमच्या आडव्या नळीशी जुळायचं असतं आणि आतून क्रँकच्या एक्सलशी. मापं दोन्हीकडची लागतात. ‘शिमानोची बीबी द्या’ एवढंच म्हणालात, तर दुकानदार हाताला येईल ती देणार, त्यात त्याचा काय दोष?

आधी फ्रेम. जुनी बीबी काढून नळी चिंधीने स्वच्छ पुसा आणि दोन मापं घ्या: नळीची रुंदी आणि आतला व्यास. आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींत बहुतेक वेळा आत आटे दिसतील, व्यास ३४ मिमीच्या आसपास आणि रुंदी ६८ किंवा ७३ मिमी भरेल. हे बीएसए माप: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. हे माप बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे बीएसए नावाच्या सायकली विकल्या गेल्या, त्याच्याशी गल्लत करू नका. माझी सायकल हीरोची आहे, मग मला बीएसए कसं चालेल, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं.

रुंदी ७० भरली तर थांबा. ते इटालियन माप असू शकतं. त्याचे आटे ३६ मिमीचे, दोन्ही बाजूंना सुलटे. बीएसए कप, म्हणजे बीबीची आटे असलेली बाजूची वाटी, त्यात सैल पडतो. अतिजुन्या इंग्लिश धाटणीच्या सायकलीला तर थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावल्याशिवाय हात लावू नका. नॉटिंगहॅमच्या रॅलेने कित्येक वर्षं इंचाला २६ आटे ठेवले होते. २४ चा कप त्यात दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि तिसऱ्याला आटे खाऊन टाकतो.

आत आटेच नाहीत, नळी गुळगुळीत आहे, तर ती दाबून बसवायची बीबी. इथे टेप चालत नाही, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचा कॅलिपर, लागतो. व्यास ४१ मिमी असेल तर रोड सायकलींत रुंदी साधारण ८६.५ आणि एमटीबीत (माउंटन बाइकमध्ये) ८९.५ किंवा ९१.५ मिमी सापडेल. व्यास ४२ असेल आणि आत रिंग अडकवायच्या दोन खाचा दिसत असतील तर बीबी-३०. हे कॅननडेलने काढलेलं माप, त्यात बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं. ४६ असेल तर पीएफ-३० किंवा त्याचा रुंद भाऊ ३८६. ४६ आणि वर आटेही असतील तर टी-४७. एकेचाळीस आणि बेचाळीसमध्ये एकच मिलिमीटर आहे, पण दाबून बसवायच्या कामात तो फार मोठा असतो. व्हर्नियर नसेल तर ओळखीच्या खरादवाल्याकडे फ्रेम घेऊन जा. चहाच्या मोबदल्यात कोणीही मोजून देईल.

आता क्रँक. स्वस्त आणि मध्यम सायकलींत एक्सलचं टोक चौकोनी असतं आणि एक्सल बीबीतच अडकलेला असतो. त्याची लांबी बीबीच्या अंगावर छापलेली असते: ११०, ११३, ११८, १२२.५ अशी. ही लांबी क्रँकनुसार ठरते, फ्रेमनुसार नाही. ११३ च्या जागी १२२.५ टाकलात तर पुढची दातेरी चकती बाहेर सरकते, साखळी तिरकी चालते आणि लहान गिअरला करकरते. उलट केलंत तर चकती मागच्या नळीला घासते. चौकोनातही जपानी आणि आयएसओ असे दोन प्रकार आहेत. उतार दोन्हींचा २ अंश, पण टोकाची जाडी वेगळी. आयएसओचा क्रँक जपानी एक्सलवर चढवला तर तो सुमारे साडेचार मिमी बाहेरच राहतो. वरवर पाहिलं तर सगळं ‘बसलेलं’ दिसतं.

महागड्या क्रँकमध्ये एक्सल क्रँकलाच जोडलेला असतो, तेव्हा त्याचा व्यास मोजा. शिमानो हॉलोटेक-२ म्हणजे २४ मिमी, दोन्हीकडे सारखा. स्रॅम जीएक्सपी उजवीकडे २४ आणि डावीकडे २२, म्हणून शिमानोची बीबी त्याला चालत नाही, जरी दुकानात दोन्ही खोके शेजारी असले तरी. स्रॅमने २०१८ मध्ये डब आणला, त्याचा २८.९९. बाकी बरेच ३० मिमी.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते या तीसच्या भानगडीत. बीबी-३० साठी बनलेल्या क्रँकचा एक्सल आखूड असतो, कारण तिथे बेअरिंग नळीच्या आत असतात. बीएसए फ्रेममध्ये बेअरिंग नळीबाहेर येतात, मग तो एक्सल पलीकडे पुरतच नाही. ३८६ साठीचा ३० मिमीचा लांब एक्सल मात्र बाहेरच्या कपांसह बीएसएला चालतो. व्यास एकच, पण एक पैसे वसूल करतो, दुसरा ओएलएक्सवर जातो. ऑनलाइन मागवताना व्यासासोबत एक्सलची लांबी विचारा. विक्रेत्याने सांगितली नाही तर घेऊ नका.

एमटीबीच्या २४ मिमी कपांबरोबर अडीच मिमीचे स्पेसर (जागा भरायच्या रिंगा) येतात, ते शोभेचे नाहीत. ७३ च्या नळीला उजवीकडे एक, ६८ च्या नळीला उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. बेरीज करून बघा, दोन्हीकडे ७५.५ येते.

काढताना दिशा लक्षात ठेवा. बीएसएत उजव्या, म्हणजे साखळीच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. तो सैल करायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. पायडलमध्ये नेमकं उलट, तिथे डावं पायडल उलट्या आट्यांचं. इथेच भले भले मिस्त्री पान्याला पाइप लावून लटकतात. चौकोनी क्रँकला पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं अवजार, लागतो. तो पूर्ण आट्यांपर्यंत हाताने घुसवा, मगच पाना लावा. अर्धवट घुसवून ओढला तर क्रँकचे आटे बाहेर येतात आणि मग क्रँक भंगारात.

आपल्या माळव्यात पावसाळ्यात एक वेगळीच करामत असते. काळी माती कपाच्या सीलवर बसते, ग्रीसमध्ये मिसळते आणि उन्हात वाळून कानाकोपऱ्यात दगडासारखी होते. म्हणून नळी पुसताना खालचं पाणी निघायचं भोक काडीने मोकळं करा. धातूच्या आट्यांना ग्रीस भरपूर लावा, कोरडा कप कधीच घालू नका. कटकट ऐकू आली की लगेच बीबी बदलायलाही पळू नका. आधी पायडल काढून ग्रीस लावून परत घाला, चकतीचे बोल्ट आवळा, सीटची दांडी काढून पुसा. मग साखळी उतरवून क्रँक हाताने फिरवा आणि दुसरा हात सीटच्या नळीवर ठेवा. बोटांना खरखर जाणवली, किंवा दोन्ही क्रँक धरून आडवे हलवल्यावर खटखट झाली, तरच बीबी गेली.

हॉलोटेक बसवताना कप ३५ ते ५० न्यूटन मीटरला आवळा. डाव्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी फक्त ०.७ ते १.५ वर, म्हणजे बोटांनी; ती दाबून आवळली की नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जड फिरतं. मग डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ पर्यंत. जुनी बीबी पिशवीत घालून दुकानात सोबत न्या आणि तिच्या अंगावरचा आकडा काउंटरवर दाखवा.