उतारवयात स्नायूंसाठी सप्लिमेंट घ्यावे का? टप्प्याटप्प्याने कसे ठरवावे

खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. साठी-सत्तरीत हे सुरू झाले की घरात प्रोटीन पावडरचा डबा येतो. डब्याला माझा विरोध नाही, पण तो सगळ्यांत आधी आणला तर बहुतेक वेळा वाया जातो. आधी ताकद मोजा, मग व्यायाम सुरू करा, मग जेवण तपासा. एवढे करून जी उणीव उरेल तेवढीच सप्लिमेंटने भरायची.

पहिली पायरी: आज ताकद किती आहे?

हात नसलेली, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. शेजारी कोणीतरी उभे असावे आणि त्यानेच वेळ मोजावी. वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंचे काम मंदावले आहे असे मानतात. युरोपीय गटाची मर्यादा १५ सेकंदांची आहे. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर तेही लिहून ठेवा.

टेपने पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर घ्या. आशियाई निकषांत पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर ही धोक्याची खूण आहे. सोबत वजनही नोंदवा. या तीन आकड्यांवर तारीख घालून ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसरी पायरी: डॉक्टरांना भेटा

वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. पण प्रत्येक अशक्तपणा वयामुळेच येतो असे नाही. थायरॉइडचा बिघाड, बी१२ ची कमतरता (मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती आढळते), स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे होणारी स्नायूदुखी अशी कारणे निघू शकतात आणि त्यांवर पावडर हा उपाय नाही. प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर ही भेट पुढे ढकलू नका. त्याच भेटीत मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

तिसरी पायरी: व्यायाम

सगळ्या लेखातली मोलाची पायरी हीच आहे. १९९४ साली बोस्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासी केंद्रातले १०० जण, सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वजनांचा व्यायाम दिला, काहींना फक्त पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना यांतले काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. ८७ व्या वर्षीही स्नायू प्रतिसाद देतात, हे प्रत्येक घरात कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

कारणही समजून घ्यावे. तरुण शरीर थोड्या प्रथिनांतूनही स्नायू बांधते. उतारवयात तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतात. व्यायामाने त्यांची ही दाद पुन्हा वाढते.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून करा. खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. सहज होऊ लागले की वजन किंवा आवर्तने वाढवा. श्वास रोखून धरू नका. चालणे चांगलेच, पण ताकदीसाठी ते पुरत नाही. हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर परवानगी घेऊनच सुरुवात करा. माझ्या मते पहिला खर्च पावडरवर न करता फिजिओथेरपिस्टच्या एक-दोन भेटींवर करावा.

चौथी पायरी: जेवणातली प्रथिने मोजा

तीन दिवस जे खाल्ले ते लिहून काढा. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असा अनेक तज्ज्ञगटांचा सल्ला आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता दर जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास विभागलेली बरी. बहुतेकांच्या वहीत तूट दिसते ती नाश्त्याला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा स्वतःहून वाढवू नये.

पाचवी पायरी: आता सप्लिमेंट निवडा

*प्रोटीन पावडर.* भूक मंदावली असेल, दात नसतील, जेवणातून तूट भरत नसेल तर उपयोगी. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतले प्रोटीन, लवकर पचते आणि स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे ल्युसीन हे अमायनो आम्ल त्यात भरपूर असते. डब्याच्या पुढच्या बाजूवरचा मजकूर सोडा, मागचा तक्ता वाचा. एका मापात पावडर किती ग्रॅम आणि त्यात प्रथिने किती ग्रॅम, एवढेच पाहा. ३० ग्रॅमच्या मापात २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतील तर ते खरे प्रोटीन. त्याच मापात तीन-चार ग्रॅम प्रथिने आणि बाकी साखर असेल, तर ते गोड पेय आहे. मधुमेह्यांनी त्यापासून लांबच राहावे. स्नायूंसाठी कोलाजेन हा व्हेला पर्याय नाही, त्यात ल्युसीन कमी असते.

*क्रिएटीन.* स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा, शरीरातही बनणारा पदार्थ. मोनोहायड्रेट प्रकारचे, रोज ३ ते ५ ग्रॅम. व्यायामाच्या जोडीने घेतल्यास ज्येष्ठांत स्नायू आणि ताकद थोडी अधिक वाढते. व्यायामाशिवाय फारशी अपेक्षा धरू नका. याने रक्तातले क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजतात तो घटक) वाढलेले दिसू शकते आणि मूत्रपिंड बिघडल्याचा गैरसमज होतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

*ड जीवनसत्त्व.* कमतरता असेल तर भरून काढावी. पातळी चांगली असताना जास्त घेऊन ताकद वाढत नाही. सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, २०१० मध्ये, पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. त्यामुळे मोठा डोस मनाने कधीच घेऊ नये.

ओमेगा-३ (माशांच्या तेलातली स्निग्धाम्ले) चे पुरावे संमिश्र आहेत. एचएमबी (ल्युसीनपासून बनणारा पदार्थ) मुख्यतः अंथरुणाला खिळण्याच्या काळात विचारात घेतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सहावी पायरी: चालू औषधांशी पडताळा

सगळी औषधे आणि डबे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे न्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर लागते. पार्किन्सनच्या लेव्होडोपाचे शोषण प्रथिनांमुळे कमी होऊ शकते, त्यामुळे पावडरची वेळ ठरवून घ्यावी लागते. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली मिश्रणे परस्पर सुरू करू नयेत. "झटपट ताकद" देणाऱ्या निनावी मिश्रणांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, ती घरात आणूच नका.

सातवी पायरी: एका वेळी एकच, आणि बारा आठवडे

दोन-तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर पोट कशाने बिघडले आणि फरक कशाने पडला, हे कळत नाही. एकच निवडा, अर्ध्या मापाने सुरुवात करा. बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. वेळ कमी झाली असेल तर चालू ठेवा. व्यायाम नियमित होऊनही आकडा हलला नसेल, तर सप्लिमेंट थांबवा आणि दोन्ही वेळचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.