घरी साते करताना या चुका टाळा

साते म्हणजे काडीवर टोचून निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, इंडोनेशियातला पदार्थ. पहिल्यांदा घरी ते केलं तेव्हा हात टिक्क्याच्याच सवयीने चालला. चिकनचे दीड-दीड इंचाचे तुकडे, वर गोड सॉस चोपडलेला. पाच मिनिटांत बाहेरून काळंठिक्कर, आतून कच्चं. इंडोनेशियात मादुरा बेटाच्या नावाने ओळखलं जाणारं ‘साते आयाम’, म्हणजे चिकन साते, पाहा. तुकडे जेमतेम बोराएवढे असतात, कारण ते कडक आचेवर झटपट शिजायला हवेत. दोन सेंटिमीटरच्या वर जाऊच नका. आणि मांडीचं मांस घ्या, छातीचं लगेच कोरडं पडतं.

करपण्याचा खरा गुन्हेगार मात्र केचाप मानिस. नावात केचाप असलं तरी टोमॅटोशी त्याचा काही संबंध नाही. तो पामच्या गुळाने दाट केलेला गोड सोया सॉस, म्हणजे विस्तवावर साखरच. म्हणून आधी नुसतं मीठ, धणेपूड आणि तेल लावून भाजा. मांस जवळजवळ शिजलं की मग सॉस लावून शेवटची एक-दोन मिनिटं, सतत उलटत राहा. बाटली मिळत नसेल तर अर्धी वाटी सोया सॉसमध्ये पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि एक चक्रफूल घालून मंद आचेवर आटवा. पातळ काकवीसारखं दिसलं की उतरवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, तिथेच बहुतेकांचा गोळा होतो.

ज्वाळा दिसत असताना काड्या ठेवू नका, निखाऱ्यांवर राख चढू द्या. तिकडे नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरतात, कोकणात तो शोधायला लांब जावं लागणार नाही. जाळीही नको. दोन विटांमध्ये निखारे ठेवून काड्या विटांवर आडव्या टेकवल्या की मांस कशालाच चिकटत नाही. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा, पण त्यावर फार विसंबू नका. उघडं टोक विस्तवाबाहेरच हवं.

मटण चिवट राहतं म्हणून कच्च्या पपईचा मारा करतात. अर्धा तास पुरे, रात्रभर ठेवलंत तर लगदा. खरं तर मसाल्याचाही सोस नको. जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराजवळच्या बांतुलमधलं ‘साते क्लाथाक’ सायकलच्या लोखंडी स्पोकवर भाजतात, लावायला जवळपास नुसतं मीठ. लोखंड आतूनही उष्णता पोचवतं, त्यामुळे तुकडा मधून कच्चा राहत नाही. (जुने स्पोक वापरायला जाऊ नका, स्टीलच्या सळया घ्या.)

शेंगदाण्याच्या सॉसला आपलं डब्यातलं दाण्याचं कूट चालत नाही, ते खरखरीत लागतं. दाणे तळा आणि मिरची-लसणाबरोबर तेल सुटेपर्यंत वाटा. सॉस फाटला, तेल वर आलं, तर कोमट पाणी चमचा-चमचा घालत ढवळा, परत जुळून येतो.

बालीचं ‘साते लिलित’ म्हणजे नारळ-मसाला घातलेला माशाचा खिमा काडीवर किंवा गवती चहाच्या दांड्यावर थापलेला. तो निखाऱ्यात गळून पडतो, कारण माशात पाणी राहिलेलं असतं. मासा पिळून घ्या, मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग ओल्या हाताने थापा.

आणि कच्च्या मांसाला लावलेला ब्रश शेवटच्या सॉसमध्ये बुडवू नका. दोन वाट्या वेगळ्या ठेवा.