तैचुंगचा सुलेखन-मार्ग पायी कसा पाहावा

बेळगावच्या उद्यमबागेतून किंवा मच्छ्यातून यंत्रे पाहण्यासाठी तैवानला जाणाऱ्या कारखानदारांना तैचुंग टाळता येत नाही, कारण तेथील मशीन टूल उद्योगाचे केंद्र हेच शहर आहे. कामातून अर्धा दिवस मोकळा मिळाला, तर तो मॉलमध्ये न घालवता शहराच्या मध्यातून जाणारा सुमारे ३.६ किलोमीटरचा हिरवा मार्ग पायी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. चिनी सुलेखनातील जलद, ओघवत्या शैलीवरून त्याची आखणी सुचलेली आहे.

मार्गाच्या उत्तर टोकाला राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आहे, तर दक्षिण टोकाला राष्ट्रीय ललितकला संग्रहालय. दोन्ही सोमवारी बंद असतात, म्हणून तो वार सोडावा. तैपेईहून वेगवान रेल्वेने तासाभरात पोहोचता येते. मात्र तिचे स्थानक शहराबाहेर वूरी भागात असल्यामुळे पुढे टॅक्सी करावी आणि संग्रहालयाचे नाव चिनी लिपीत लिहून घेऊन चालकाला दाखवावे.

दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेकडून निघावे आणि तैवान बुलेव्हार्ड हा मोठा रस्ता सिग्नलवरच ओलांडावा. खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांत मोडी कागद अजूनही जपून ठेवलेले असतात. त्यांत बोरू एका अक्षरातून पुढच्या अक्षरात कसा उतरतो, शाई कोठे दाटते आणि रेघ कोठे बारीक होते, हे ज्याने निरखले असेल त्याला या मार्गाची चाल लवकर उमगेल. झाडांच्या सावलीतून जाणारी वाट नागरिक चौकाच्या विस्तीर्ण हिरवळीपाशी एकदम मोकळी होते आणि पुढे पुन्हा आवळत दक्षिणेकडे वळते. हा ओघ पायांना जाणवावा म्हणून पहिली फेरी सलग चालावी. भाड्याच्या सायकली मिळतात, पण त्या परतीसाठी राखाव्यात.

ललितकला संग्रहालयात निदान तासभर द्यावा. आवारात शिल्पे मांडलेली आहेतच, शिवाय शिळांवर कोरलेले सुलेखनही आहे. तेथे घाई करू नये: ब्रशचा दाब जेथे वाढला, तेथे छिन्नीनेही रेघ रुंद राखलेली दिसते, आणि चालून आलेल्या वाटेचे मूळ हाताच्या अंतरावर पाहायला मिळते.

परतताना नागरिक चौकात संध्याकाळी थांबावे. लोक सहकुटुंब हिरवळीवर बसलेले असतात. ऑक्टोबरात येथे जॅझ संगीताचा महोत्सव भरतो आणि तेव्हा पाऊसही ओसरलेला असतो, म्हणून दौऱ्याची तारीख आपल्या हातात असेल तर हाच महिना धरावा. मे ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि वादळांचा धोका असतो, त्यामुळे छत्री आणि हवामानाचा अंदाज दोन्ही जवळ असावेत.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची धास्ती बाळगू नये. तैवानमध्ये बौद्ध परंपरेची शाकाहारी उपाहारगृहे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या जैन मंडळींचीही सोय होते. तरी अंड्याविषयी आधी विचारून घ्यावे.