संध्याकाळी कॅश जुळण्यासाठी

बँकेच्या काउंटरवर रोख घेणाऱ्या-देणाऱ्या नव्या टेलरला धास्ती असते ती संध्याकाळच्या टॅलीची, म्हणजे हातातली कॅश नोंदींशी जुळवण्याची. खरा घोळ मात्र सकाळी अकराच्या गर्दीत होऊन गेलेला असतो, म्हणून काळजी तिथेच घ्यायची.

हेड कॅशियरकडून कॅश घेताना नुसती वरची चिठ्ठी बघून सही करू नका. पॅकेट म्हणजे 100 नोटा, दहा पॅकेटांचं एक बंडल. पॅकेट मोजून पूर्ण होईपर्यंत त्याची कागदी पट्टी टाकू नका. नोट कमी निघाली तर पट्टीवरची सही, तारीख हाच तुमचा पुरावा.

जमा असेल तर आधी रोख मोजायची, मग एन्ट्री. पैसे द्यायचे असतील तर आधी एन्ट्री, मग रोख. खातेदार कितीही ओळखीचा असो, हा क्रम उलटा करायचा नाही.

नोटांचा तपशील स्लिपवर भरणाऱ्याकडूनच लिहून घ्या आणि पैसे त्याच्या नजरेसमोर मोजा. एकाची रक्कम ड्रॉवरमध्ये गेल्याशिवाय दुसऱ्याची हातात घ्यायची नाही. यंत्रात घालण्याआधी रबर, पिना काढा, दुमडलेले कोपरे सरळ करा. चिकटलेल्या दोन नोटा यंत्र एकच धरू शकतं, म्हणून मोजणी दोनदा. फक्त नग मोजण्यावर लावलेलं यंत्र पाचशेच्या गड्डीतली दोनशेची नोटही निमूट मोजतं. अंगठ्याने गड्डी एकदा चाळली की ती लगेच दिसते.

पाचशेची नोट संशयास्पद वाटली तर ती तिरकी करा: सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसला पाहिजे. डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच उठावदार रेघा बोटाला लागतात. खोटी ठरलेली नोट कोणत्याही परिस्थितीत परत द्यायची नाही. तिच्यावर शिक्का मारा, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि पोचपावती द्या. समोरच्याने सही नाकारली तरी पावती द्यावीच लागते, आणि त्या नोटेची रक्कम खात्यात जमा होत नाही. एका व्यवहारात अशा चारपर्यंत नोटा आल्या तर पोलिसांना महिन्याच्या एकत्रित अहवालात कळवतात. पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. माणूस बहुधा भडकतो. ‘काका, तुमच्यावर संशय नाही, पण ही नोट मला परत देता येत नाही,’ एवढं शांतपणे सांगा. वाद वाढला तर मॅनेजरला बोलवा.

आता टॅली. फरक आला की लगेच सगळी कॅश पुन्हा मोजत बसू नका, आधी आकडा बघा. 300 कमी? दोनशेच्या जागी पाचशेची नोट गेली असेल. 400 कमी असतील तर शंभरच्या जागी पाचशेची. 40,000 कमी असतील तर शंभरच्या पॅकेटऐवजी पाचशेचं पॅकेट दिलं गेलंय का बघा. फरकाला 9 ने भाग जातो का तेही पाहा; जात असेल तर एन्ट्री करताना आकडे उलटसुलट पडले असतील: 5,400 च्या जमेची एन्ट्री 4,500 झाली तर 900 जास्त दिसतात. (450 लाही नऊने भाग जातो, पण तिथे पन्नासऐवजी पाचशे घेतले-दिलेही असू शकतात.) यातलं काहीच बसलं नाही तर फरकाच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर शोधा. 7,500 ची जमा चुकून नावे (म्हणजे पैसे दिल्याच्या बाजूला) पडली तर कॅश 15,000 ने जास्त दिसते.

जास्त निघालेली रक्कम त्याच दिवशी बँकेच्या नियमाप्रमाणे वेगळ्या खात्यात जमा करायची. उद्याच्या तुटीला लागेल म्हणून शंभर-दोनशे ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय सगळ्यात वाईट. अचानक तपासणी झाली तर जास्तीची कॅशही तुटीइतकीच अंगाशी येते. स्वतःचं पाकीट केबिनमध्ये नेऊ नका; न्यावंच लागलं तर आतली रोख सकाळीच रजिस्टरला लिहा.

पॅकेटची अदलाबदल झाल्याची शंका असेल तर मोठ्या रकमांची व्हाउचरं बाजूला काढून वेळा लिहून घ्या, मॅनेजरला सांगून त्या वेळांचं सीसीटीव्ही पाहा आणि खातेदाराला त्याच संध्याकाळी फोन करा. पॅकेट सुटून खर्चाला लागलं की काही सिद्ध करणं अवघड होतं.