हायड्रिलाच्या प्रॅक्टिकलला बसण्याआधी

हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजून प्रकाशसंश्लेषणाचा वेग पाहायचा, हे प्रॅक्टिकल गेल्या वर्षी अकरावीला मी घेतलं. बल्ब जवळ आणला की हायड्रिलाचे बुडबुडे वाढतात, लांब नेला की कमी होतात. आलेख सुरेख आला, मुलांनी जर्नलमध्ये उतरवूनही घेतला. सामान आवरताना एका मुलीनं बल्बजवळचा बीकर उचलला आणि लगेच खाली ठेवला. "सर, हा केवढा तापलाय!" हात लावून पाहिला तर आंघोळीचं पाणी काढावं तसा कढत. म्हणजे तासभर आम्ही प्रकाश आणि उष्णता दोन्ही एकदम वाढवत होतो आणि सगळं श्रेय प्रकाशाला देत होतो. थर्मामीटर शेजारच्या केमिस्ट्रीच्या कपाटात होता. म्हणून सामानाच्या यादीत पहिला थर्मामीटर. बीकर, स्टॅंड, पट्टी, ब्लेड ही मंडळी प्रयोगशाळेचे मामा न सांगता काढून ठेवतात. थर्मामीटर सांगितल्याशिवाय येत नाही.

हायड्रिला आदल्या दिवशी आणा, ओढ्यातून किंवा तळ्यातून, आणि त्याच पाण्यात बादलीभर. हिरवेगार, शेंड्याकडचे तुकडे घ्या. तपकिरी पडलेले, शेवाळानं माखलेले तुकडे नकोत. रात्री बादली कपाटात कोंडू नका. सकाळपासून खिडकीशी उजेडात राहू द्या, नाहीतर पहिला अर्धा तास बुडबुडा दिसणार नाही आणि वर्ग हातातून जाईल.

पाणी आरओचं नको, उकळलेलं तर अजिबात नको. उकळल्यावर त्यात विरघळलेला वायू निघून जातो, आणि वनस्पतीला लागणारा कार्बन डायऑक्साइड त्यातच असतो. साधं नळाचं पाणी घ्या आणि लिटरला एक सपाट चमचा खाण्याचा सोडा घाला. खाण्याचाच. धुण्याचा सोडा नको. बेकिंग पावडर आणि इनो नको, कारण त्यांच्यात आम्ल असतं, ते पाण्यात पडताच स्वतःच फसफसतात, आणि मुलं ते बुडबुडे मोजत बसतात. सोडा का घालायचा हे मुलांना नीट सांगा. पाण्यात कार्बन डायऑक्साइडच कमी असेल तर बल्ब कितीही जवळ आणा, वेग एका ठिकाणी येऊन अडतो. केंब्रिजच्या ब्लॅकमन यांनी 1905 साली मांडलं ते हेच: अनेक गोष्टी लागत असल्या तरी त्या वेळी जी सगळ्यात तोकडी असेल तीच वेग ठरवते. प्रकाशाचा परिणाम पाहायचा तर बाकी काहीच तोकडं पडता कामा नये, आणि बाकी काहीच बदलताही कामा नये.

बदलता कामा नये, आणि म्हणूनच थर्मामीटर. जुना पिवळा 100 वॉटचा बल्ब घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडी मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर बल्ब आणि बीकर यांच्यामध्ये पाण्यानं भरलेली चपटी काचेची बरणी उभी करा. पाणी बरीचशी उष्णता अडवतं आणि उजेड जाऊ देतं. ही बरणी प्रत्येक अंतराला ठेवायची, फक्त जवळच्या अंतराला नाही. आणि बरणी ठेवली म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवून येऊ नका. एलईडी घेतला म्हणूनही नाही. दर वाचनाला तापमान वाचायचं आणि बुडबुड्यांच्या रकान्याशेजारी लिहायचं. दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर ते वाचन खोडून टाका, पाणी बदला, पुन्हा मोजा. आलेख कितीही छान दिसत असला तरी.

आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा आपोआप सुटते. पानांवर, काचेवर चंदेरी थर धरतो, मधूनच एखादा बुडबुडा वर जातो. प्रकाशसंश्लेषणाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मी नुसतं सोड्याचं पाणी त्याच बल्बजवळ ठेवून पाहिलं. वनस्पती नव्हती, तरी काचेवर बुडबुडे. तेव्हा एक बीकर बिनहायड्रिलाचा ठेवाच, आणि त्यातही थर्मामीटर बुडवा.

तुकडा कापायची पद्धत. पाण्याखाली धरून, धारदार ब्लेडनं, देठ तिरका कापायचा. शेंड्याला पेपरक्लिप लावून तुकडा उलटा बुडवायचा, कापलेलं तोंड वर. तुकडा चांगला असेल तर त्या तोंडातून बारीक मण्यांची माळ ओवल्यासारखे बुडबुडे एकामागून एक निघतात. थांबले तर तोंड चिकटलंय, मिलिमीटरभर पुन्हा कापा. बोथट ब्लेडनं देठ चेचला तर तो तुकडा गेला, नवा घ्या.

पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. अंतर बल्बपासून हायड्रिलापर्यंत मोजा, बीकरच्या काचेपर्यंत नाही. 10, 20, 40 सेंटिमीटर पुरे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. बल्ब हलवल्यावर पाच मिनिटं थांबा, मग एकेक मिनिट तीनदा मोजा. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मुलं घाई करतात, करू देऊ नका. त्या पाच मिनिटांत थर्मामीटर वाचा.

तापमानाचा प्रयोग वेगळा, वेगळ्या दिवशी. तिथं बल्ब हलवायचा नाही, बर्फ आणि कोमट पाणी वापरायचं. उजेड भरपूर असेल तरच तापमानाचा फरक नीट दिसतो. अंधूक उजेडात पाणी कोमट करून फारसं काही होत नाही, कारण तिथं प्रकाशच तोकडा असतो. ब्लॅकमन यांच्याबरोबर काम करणाऱ्या गॅब्रिएल मथाई हवेच्या तापमानावर विसंबल्या नव्हत्या, पानाचंच तापमान मोजत होत्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

सोडा कमी-जास्त करून पाहणं तिसऱ्या दिवशी. रंगीत जिलेटीन पेपर वेळ उरला तर. ओल्या हातानं होल्डरला हात लावू नका. घड्याळाला मोबाइल चालेल. वीज जायची वेळ आधी विचारून ठेवा. उरलेली हायड्रिला ओढ्या-तळ्यातली असेल तर जिथून आणली तिथंच, मत्स्यालयाच्या दुकानातली असेल तर वाळवून खतात. दुसऱ्या विहिरीत, तळ्यात कधीच नाही, ती हटत नाही. आणि केमिस्ट्रीच्या कपाटाची किल्ली आदल्या संध्याकाळीच मागून घ्या.