डेटा सेंटरच्या पाळ्यांसाठी आठ दिवसांचे चक्र
नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटर चोवीस तास चालतात आणि तिथे पाळीपत्रकावरून दर महिन्याला वाद होतात, कारण रात्रपाळ्या सलग सात-सात दिवस एकाच्या वाट्याला येतात.

त्याऐवजी कर्मचाऱ्यांचे चार गट करावेत आणि प्रत्येक गटाला दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र आणि दोन सुट्ट्या याच क्रमाने फिरवावे. पुढचा गट दोन दिवस उशिरा सुरू केला की कोणतीही पाळी रिकामी राहत नाही. पाळी ७, ३ आणि ११ वाजता बदलावी. मध्यरात्री बदलल्यास ठाण्याकडची लोकल चुकण्याची धास्ती राहते. दुसरी रात्रपाळी सकाळी ७ वाजता संपली की पुढची सकाळपाळी बरोबर ४८ तासांनी येते, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा लाभ तोच आहे.

नव्या पाळीने पंधरा मिनिटे आधी यावे. जाणारा आणि येणारा अशा दोघांनी मिळून यूपीएसचे पॅनेल, चिलरचे (थंडावा देणाऱ्या यंत्रणेचे) तापमान, जनरेटरच्या टाकीतील डिझेल आणि न मिटलेले अलार्म प्रत्यक्ष पाहावेत, नोंदवहीत आकडे लिहावेत आणि मगच दोघांनी सह्या कराव्यात. केवळ तोंडी ‘सगळे ठीक आहे’ यावर पाळी सोडू नये.

एक दक्षता मात्र घ्यावी: ज्या आठवड्यात सहा पाळ्या येतात, त्यात या पंधरा मिनिटांमुळे आठवड्याच्या कामाची ४८ तासांची मर्यादा दीड तासाने ओलांडली जाते, म्हणून तो वेळ ओव्हरटाइम म्हणून नोंदवावा.